खुर्द्याचा हिशेब : शेक्सपिअरची राजनाटके आणि मराठी ऐतिहासिक नाटक

१

पानिपतच्या संहाराचे वर्तमान एका सावकारी पत्रातून दक्षिणेत पोचले, ही हकीकत मराठी वाचकाला शाळकरी वयापासून ठाऊक असते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा व्यापारी परिभाषेत १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस सांगितला गेला. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे उरलेले सर्व. या पत्रातील रूपकाच्या समर्पकतेचे कौतुक आपण नेहमी करतो. परंतु त्या रूपकाने माणसांची जी प्रतवारी लावली आहे, तिच्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. मोती मोजले जातात, मोहराही मोजल्या जातात. खुर्दा मोजण्याच्या पलीकडचा ठरतो. हे अगणितपण मृतांच्या संख्येमुळे जसे आले आहे, तसेच ते त्यांच्या किमतीमुळेही आले आहे.

याच्या शेजारी दुसरी एक यादी ठेवून पाहावी. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पंचम’ या १५९९ च्या सुमाराच्या नाटकात, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी झालेली ॲजिनकोर्टची लढाई संपल्यावर, राजाच्या हाती मृतांची यादी दिली जाते. फ्रेंचांचे दहा हजार पडले आहेत आणि त्यांतील उमरावांची नावे राजा एकेक करून वाचतो. मग तो इंग्रजांची यादी हाती घेतो. यॉर्कचा ड्यूक, सफोकचा अर्ल, एक सरदार आणि एक दरकदार अशी चार नावे येतात. बाकी नावाचे कोणी नाही, इतर सगळे मिळून पंचवीस, एवढे सांगून राजा यादी मिटतो आणि या विजयाचे श्रेय ईश्वराला देतो.

मोती-मोहरा-खुर्दा ही उतरंड येथेही आहे. फरक आहे तो संदर्भाचा. ‘नावाचे कोणी नाही’ हे शब्द ज्या प्रेक्षकाच्या कानांवर पडतात, त्याने आदल्या रात्री त्या बिननावाच्या माणसांना शेकोटीपाशी बोलताना ऐकलेले असते. त्यांतल्या एकाने राजालाच विचारले आहे की, या मरणांचा जाब कोणी द्यायचा? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे. राजाच्या युद्धात मेलेल्या सामान्य माणसाच्या मृत्यूची नैतिक जबाबदारी कोणाची? आणि हा प्रश्न राजाविषयीच्या नाटकात, राजाच्या थोरवीला न नाकारता, विचारता येतो काय? इंग्रजी राजनाटकांचे खरे मोल मला या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात जाणवते, आणि आपल्या ऐतिहासिक नाटकाची मर्यादाही तेथेच स्पष्ट होते.

२

१६२३ साली निघालेल्या शेक्सपिअरच्या पहिल्या समग्र संग्रहात दहा नाटकांचा ‘इतिहास’ म्हणून स्वतंत्र वर्ग केलेला आहे. शोकात्म आणि सुखात्म या दोन्ही कोटींत न बसणारा हा तिसरा वर्ग आहे. ॲरिस्टॉटलने काव्य आणि इतिहास यांच्यात जी भेदरेषा आखली, तिच्यावरच हा वर्ग उभा आहे. या नाटकांचा नायक मरतो, पण राज्य संपत नाही. लग्नाने नाटक संपते, पण प्रेक्षकाला पुढचा अनर्थ ठाऊक असतो. ‘हेन्री पंचम’च्या अखेरीस सूत्रधार स्वतःच सांगून टाकतो की, एवढ्या रक्ताने मिळवलेला फ्रान्स या राजाच्या मुलाच्या कारकिर्दीत गमावला गेला. विजयोत्सवाच्या शेवटच्या क्षणी विजयाचे आयुष्य किती, हे सांगणारा हा नाटककार राजभक्त असेल, पण भाट खचित नाही.

मराठी रंगभूमीचा शेक्सपिअरशी संबंध जुना आणि घनिष्ठ आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘अथेल्लो’ १८६७ चा. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे. पुढे देवलांचा ‘झुंझारराव’, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ (१९५४) आणि विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ (१९७४). या नामावळीत एक गोष्ट सहज ध्यानात येते. आपण शोकात्मिका घेतल्या, सुखात्मिका घेतल्या. इंग्रजांच्या राजांविषयीच्या नाटकांकडे मात्र तुलनेने फारच थोडे रूपांतरकार वळले. प्लँटॅजेनेट घराण्याची वंशावळ आपल्या प्रेक्षकाला परकी आणि किचकट होती, हे त्याचे उघड कारण. पण मला त्यामागे आणखी एक कारण दिसते. शोकात्मिकेतला राजा घरगुती करता येतो. मत्सर, महत्त्वाकांक्षा, कृतघ्नता या भावना राज्याविनाही उभ्या राहतात. ‘नटसम्राट’ने (१९७०) हे सर्वांत यशस्वीपणे दाखवले, तेथे लिअरचे राज्य गळून पडले आणि उरले ते म्हाताऱ्या नटाचे घर. इतिहासनाटकातून मात्र राज्य काढून टाकता येत नाही, कारण राज्य कोणी, कोणत्या हक्काने आणि कोणाच्या जिवावर करावे हाच त्याचा विषय असतो.

आपल्या स्वतंत्र ऐतिहासिक नाटकांतही हा घराकडे जाणारा कल आढळतो. वि. ज. कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’पासून (१८६१) ही परंपरा सुरू होते. इचलकरंजीकर मंडळींनी ते नाटक रंगभूमीवर आणले, म्हणजे या परंपरेच्या आरंभाशी आमच्या करवीर मुलखाचेही नाते आहे. खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनावर नाटक लिहिले तेव्हा त्याला नाव दिले ‘भाऊबंदकी’ (१९०९). हे नावच पुरेसे बोलके आहे. राज्यावरील हक्काचा प्रश्न वाड्यातल्या, देवघरातल्या, शेजघरातल्या कलहाच्या रूपात मांडला की तो मराठी प्रेक्षकाला लगेच उमगतो. रामशास्त्र्यांच्या रूपाने न्यायही तेथे येतो, आणि त्याचे नाट्यमूल्य निर्विवाद आहे. पण तो न्याय एका राजपुरुषाच्या खुनाचा आहे. गारद्यांच्या तलवारीखाली त्याच दिवशी वाड्यातली आणखी माणसे मेली, त्यांचा दावा कोणापुढे चालायचा, हा प्रश्न त्या रचनेच्या कक्षेत येत नाही.

कोल्हापुरात बसून हा विचार करणाऱ्याला तर हा विषय अधिकच जवळचा वाटावा. येथील गादीच मुळी एका दीर्घ भाऊबंदकीतून जन्मली. १७०७ मध्ये शाहू सुटून आले, खेडला ताराबाईंच्या फौजेशी त्यांची लढाई झाली, १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर या दोन राज्यांच्या सीमा ठरल्या. इंग्रजांच्या गुलाबांच्या युद्धाहून ही कथा नाट्यदृष्ट्या तिळभरही उणी नाही. त्या युद्धावरील ‘हेन्री सहावा’च्या तिसऱ्या भागात एक प्रवेश आहे. लढाईच्या ऐन गर्दीत राजा एका वारुळवजा उंचवट्यावर एकटा बसलेला आहे. एका बाजूने एक मुलगा प्रेत ओढत आणतो. खिसे चाचपताना त्याला कळते की आपण बापाला मारले. दुसऱ्या बाजूने एक बाप येतो. त्याने मुलाला मारलेले असते. दोघांनाही नावे नाहीत. दोघांनाही वेगवेगळ्या धन्यांनी सक्तीने किंवा चाकरीने रणात आणलेले आहे. राजा त्यांच्याकडे पाहून रडतो आणि तो काहीच करू शकत नाही. खेडच्या लढाईत दोन्ही बाजूंना एकाच गावची, एकाच भावकीची माणसे असतील, हा तर्क कोणालाही करता येईल. पण आपल्या परिचित नाटकांत राजघराण्याची भाऊबंदकी येते. तिच्यापायी खेड्यापाड्यांत पडलेली भाऊबंदकी सहसा येत नाही.

३

आता मूळ प्रश्नाकडे यावे. ‘हेन्री पंचम’च्या चौथ्या अंकाच्या आरंभी, लढाईच्या आदल्या रात्री, राजा दुसऱ्याची शाल पांघरून छावणीत हिंडतो. त्याला तीन साधे शिपाई भेटतात. आपला राजा न्याय्य कारणासाठी लढतो आहे, असे वेषांतरित राजा म्हणताच विल्यम्स नावाचा शिपाई उत्तरतो की, ते आपल्याला ठाऊक नाही. बेट्स म्हणतो की ते ठाऊक असण्याची गरजही नाही. आपण प्रजा आहोत एवढे पुरे, कारण खोटे असले तरी आज्ञापालनाने आपले पाप धुतले जाते. यावर विल्यम्स जे बोलतो, ते या नाटकाचे नैतिक केंद्र मानावे लागते. कारण खोटे असेल, तर लढाईत तुटलेले हात, पाय आणि मुंडकी अखेरच्या निवाड्याच्या दिवशी एकत्र येतील आणि आम्ही अमुक ठिकाणी मेलो म्हणून ओरडतील. कोणी बायकोसाठी, कोणी कर्जासाठी, कोणी उघड्यावर पडलेल्या पोरांसाठी. त्या दिवशी राजाला मोठा हिशेब द्यावा लागेल.

राजाने दिलेले उत्तर लांबलचक आहे आणि बारकाईने वाचण्याजोगे आहे. तो दोन दृष्टान्त देतो. बापाने व्यापारासाठी पाठवलेला मुलगा समुद्रात पापी अवस्थेत मेला, तर दोष बापाचा काय? धन्याचे पैसे नेणारा चाकर वाटेत चोरांकडून मारला गेला, तर त्याच्या आत्म्याच्या अधोगतीला धनी जबाबदार काय? तसेच राजाचे. प्रत्येकाची सेवा राजाची, पण प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा.

या युक्तिवादात दोन दोष आहेत. पहिला असा की, बाप मुलाला व्यापाराला पाठवतो तेव्हा समुद्रात बुडणे हा त्या कामाचा भाग नसतो. राजा शिपायाला लढाईला पाठवतो तेव्हा मरणे आणि मारणे हेच ते काम असते. अपघात आणि हेतू यांतला भेद दृष्टान्ताने पुसून टाकला आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विल्यम्सचा प्रश्न युद्धाच्या कारणाविषयी होता. राजाचे उत्तर शिपायांच्या खाजगी पापांविषयी आहे. प्रश्न एका न्यायासनापुढे मांडला गेला आणि निकाल दुसऱ्याच खटल्याचा लागला. शेक्सपिअरला हे कळले नसेल असे मानणे कठीण आहे, कारण युद्धाच्या कारणाविषयीची शंका त्याने पहिल्याच प्रवेशात पेरून ठेवली आहे. चर्चच्या मिळकती जप्त करणारे विधेयक टळावे म्हणून धर्माधिकारी राजाला फ्रान्सच्या स्वारीसाठी मोठी रक्कम देऊ करतात, हे आपण तेथे ऐकलेले असते. आणि शिपाई निघून गेल्यावर राजा एकांतात जी प्रार्थना करतो, तिच्यात तो देवाला विनवतो ते आपल्या बापाने मुकुट मिळवताना केलेले पाप आज आठवू नये म्हणून. म्हणजे हक्काच्या मुळाशी असलेली शंका त्याच्याही मनात आहे. ती तो देवाला सांगतो. विल्यम्सला सांगत नाही.

विल्यम्स हा वाद फार ताणत नाही. मरणारा पापी असेल तर ते पाप त्याच्याच माथी, एवढे तो मान्य करतो. पण लगेच दुसरा मुद्दा काढतो. राजा म्हणतो की मी खंडणी भरून सुटणार नाही. पण आमचे गळे कापले गेल्यावर त्याने खंडणी भरली तर आम्हांला कुठे कळणार आहे? भांडण लागते, हातमोज्यांची अदलाबदल होते, लढाईनंतर ओळख पटते. राजा त्या मोज्यात क्राउन भरून विल्यम्सला देववतो. इंग्रजीत मुकुटाला आणि नाण्याला हा एकच शब्द आहे, हे येथे विसरून चालत नाही. ज्याने मुकुटाला जाब विचारला, त्याला मुकुटाच्या नावाची नाणी मिळाली. फ्लुएलेन नावाचा कप्तान त्यात आपले बारा पेन्स घालू पाहतो, तेव्हा विल्यम्स म्हणतो, तुमचे पैसे मला नकोत. राजाला तो काय म्हणाला, ते नाटककाराने लिहिलेले नाही. प्रश्नाचे उत्तर न देता प्रश्नकर्त्याला बक्षीस देणे हा सत्तेचा सार्वकालिक उपाय आहे, आणि रंगमंचावर विल्यम्सने ते मोजे कसे हाती घ्यावे, हे ठरवण्याची जबाबदारी प्रत्येक नटावर येऊन पडते.

४

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही टाळता येण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप नवइतिहासवादी समीक्षेचा आहे. टिलयार्डने १९४४ साली या नाटकांत ट्यूडर राजवटीच्या विश्वव्यवस्थेचे समर्थन पाहिले. यान कॉटने त्यांत सत्तेच्या निर्दय यंत्राचे फिरणारे चक्र पाहिले. स्टीफन ग्रीनब्लाटने १९८० च्या दशकात ‘इन्व्हिजिबल बुलेट्स’ या निबंधातून असे प्रतिपादन केले की, सत्ता आपल्याविरुद्धचे आवाज स्वतःच निर्माण करते आणि त्यांना सामावून घेऊन अधिक बळकट होते. या दृष्टीने विल्यम्सचा प्रश्न म्हणजे वाफ जाण्यासाठी ठेवलेले छिद्र ठरते. प्रश्न विचारला जातो, राजा जिंकतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतो.

या प्रतिपादनात तथ्य आहे. पण ते सत्तेच्या कर्तृत्वाविषयी फार आशावादी आहे. सत्तेला सामावून घेता आले असते, तर तिला गाळावे लागले नसते. ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकातील राजाच्या पदच्युतीचा प्रवेश एलिझाबेथ राणीच्या हयातीत निघालेल्या मुद्रित प्रतींत नाही. तो छापला गेला १६०८ मध्ये. फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या पक्षपात्यांनी बंडाच्या आदल्या दिवशी रिचर्डविषयीचे नाटक मुद्दाम पैसे देऊन करवून घेतले होते. आणि लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, ‘हेन्री पंचम’चा चित्रपट केला तेव्हा त्याला राजाचे फितुरीचे प्रकरण, हार्फ्लरच्या लोकांना दिलेल्या अमानुष धमक्या आणि कैद्यांच्या कत्तलीचा हुकूम हे सारे वगळावे लागले. विशुद्ध वीरगाथा हवी असेल तर या नाटकाला कात्री लावावी लागते. त्याच्या अंगी असलेल्या नैतिक प्रामाणिकपणाचा याहून चांगला पुरावा नाही.

मृतांच्या यादीचेच पाहा. पंचवीस हा आकडा शेक्सपिअरने होलिन्शेडच्या बखरीतून घेतला. त्याच बखरीत, अधिक विश्वसनीय लेखकांच्या मते इंग्रजांचे पाच-सहाशेहून अधिक पडले, असेही नमूद आहे. नाटककाराने लहान आकडा उचलला; तो राजाच्या दैवी विजयाला पोषक होता. म्हणजे येथे तोही भाटाच्या जवळ जातो. माझे म्हणणे एवढेच की, खुर्दा मोजताना ज्याने आकडा कमी केला, त्यानेच त्या खुर्द्याला आदल्या रात्री तोंड दिले. या दोन्ही गोष्टी एकाच नाटकात आहेत आणि एकीने दुसरी रद्द होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. शेक्सपिअर स्वतंत्र देशाचा नाटककार होता. आमचे ऐतिहासिक नाटक पारतंत्र्यात जन्मले. ज्या समाजाचे राज्य नुकतेच गेले आहे, त्याला आपल्या राजांचे दोष जेत्यांसमोर मांडायला सांगणे अन्यायाचे आहे. १९०७ च्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, त्या काळात रंगभूमीवरचा राजा हा केवळ राजा नव्हता, तो हरवलेल्या स्वातंत्र्याचे रूप होता. त्याचा गौरव हीच एक राजकीय कृती होती.

हे मला पूर्णतः मान्य आहे. पण या युक्तिवादाची मुदत १९४७ साली संपते. त्यानंतर राजाकडे पाहण्याचा परकीय प्रेक्षक उरला नाही. तरीही आपली भीती कमी झालेली दिसत नाही. वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये (१९६२) शिवाजी महाराजांना बाप म्हणून आणि संभाजीराजांना दुखावलेला मुलगा म्हणून पाहिले, मराठी नाटकाने टाकलेले ते फार मोठे पाऊल होते. उलट, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकातील संभाजीराजांच्या चित्रणावरून त्यांचा पुण्यातील पुतळा जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, उखडला गेला. गडकऱ्यांच्या चित्रणावर ऐतिहासिक आक्षेप घेण्यास भरपूर जागा आहे. बखरींवर विसंबून रंगवलेले ते चित्र पुढील संशोधनाने बरेच निराधार ठरवले आहे. पण आक्षेप घेणे वेगळे आणि पुतळा उखडणे वेगळे. आणि गंमत अशी की, निंदा करणारे नाटक आणि गौरव करणारे नाटक या दोहोंचा विषय एकच राहतो : राजपुरुषाचे चारित्र्य. तो व्यसनी होता की सदाचारी, फितूर होता की धर्मवीर, यावर आपण शंभर वर्षे भांडत आहोत. त्याच्यासाठी आणि त्याच्यापायी मेलेल्यांविषयी दोन्ही पक्षांनी विचारलेले नाही.

५

हे विधान थोडे स्थलविशिष्ट करून पाहू. कोल्हापूरच्या वायव्येला पन्हाळा आहे. या एका किल्ल्यावर इंग्रजी राजनाटकांतील दोन मध्यवर्ती प्रसंगांचे मराठी समांतर प्रसंग घडलेले आहेत.

पहिला १६६० चा. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून शिवा काशीद नावाचा न्हावी राजाचा वेष घेऊन पालखीत बसला आणि मारला गेला, असे परंपरा सांगते. ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात, श्रूझबरीच्या लढाईत, सर वॉल्टर ब्लंट राजाचा पोशाख घालून लढतो आणि राजा समजून मारला जातो. राजाच्या पोशाखातली माणसे मारून मारून थकलेला डग्लस शेवटी म्हणतो की, आता मी राजाचे सगळे कपाटच कापून काढीन. ब्लंटच्या निष्ठेला नाटकात कोठेही बाधा येत नाही. पण त्याच्या प्रेतापाशी फॉल्स्टाफ येतो आणि, हा पाहा तुमचा मान, अशा अर्थाचे बोलतो. त्याच भाषणात तो सांगतो की आपल्या दीडशे फाटक्या शिपायांपैकी तीन उरले आहेत आणि तेही आता वेशीवर भीक मागण्याच्याच कामाचे. फॉल्स्टाफ स्वतः लबाड आहे. भरती करताना पैसे देणाऱ्यांना सोडून त्याच्या हाताखालच्यांनी गरिबांना नेलेले आपण दुसऱ्या भागात पाहतो. आणि त्या भरतीत स्वखुशीने उभा राहतो तो एक दुबळा, बायकांचे कपडे शिवणारा शिंपी.

शिवा काशीदाविषयी आपल्याकडे आदर आहे, पन्हाळ्यावर त्याचा पुतळा आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्याच्याकडे आपण केवळ निष्ठेचा दृष्टान्त म्हणून पाहतो. मरणाच्या आदल्या तासात त्याला काय वाटले असेल, राजाची वस्त्रे अंगावर चढवताना त्या न्हाव्याच्या मनात राजेपणाविषयी कोणता विचार आला असेल, त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले, हे विचारणे म्हणजे त्याच्या निष्ठेवर संशय घेणे नव्हे. उलट, ज्या निष्ठेला पर्याय दिसत होता आणि तरीही जी टिकली, तीच नैतिकदृष्ट्या मोलाची. निष्ठेला विचार करण्याची मुभा नाकारली की आपण त्या माणसाला पुन्हा खुर्द्यातच टाकतो. फक्त आता तो खुर्दा देव्हाऱ्यात ठेवलेला असतो.

दुसरा प्रसंग १६८० च्या जानेवारीतला. दिलेरखानाच्या छावणीतून परतलेले संभाजीराजे आणि शिवाजी महाराज यांची भेट पन्हाळ्यावर झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ एप्रिलला, रायगडावर महाराजांचे निधन झाले. झोपलेल्या बापाच्या उशाशी ठेवलेला मुकुट उचलून नेणारा राजपुत्र आणि जागा होऊन त्याला जाब विचारणारा चौथा हेन्री या प्रसंगाशी या भेटीची तुलना कोणालाही सुचेल, आणि पिता-पुत्रांतील दुरावा हा मराठी नाटकाने व कादंबरीने समर्थपणे हाताळलेला विषय आहे. कोल्हापूर जिल्ह्यातीलच शिवाजी सावंतांनी ‘छावा’तून (१९७९) त्याला लोकप्रियता मिळवून दिली. परंतु त्या दोघांच्या मध्ये आणखी एक गोष्ट उभी होती. संभाजीराजे दिलेरखानाकडे असताना, १६७९ मध्ये, भूपाळगड पडला आणि गडावर सापडलेल्या मराठी लोकांचे हात तोडले गेले, अशी हकीकत इतिहासग्रंथांत येते. विल्यम्सने ज्या तुटलेल्या हातांविषयी विचारले होते, ते येथे रूपक राहत नाहीत. पन्हाळ्याच्या त्या भेटीत बाप मुलाला काय म्हणाला असेल याची कल्पना आपण कितीदा तरी केली. हात गमावलेला एखादा गडकरी त्या दालनाच्या दाराशी येऊन उभा राहिला असता तर त्या दोघांना एकमेकांशी काय बोलता आले असते, याची कल्पना केलेले नाटक माझ्या वाचनात नाही. असा माणूस आला तर महाराज लहान होत नाहीत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये अशी ज्यांची आज्ञा होती म्हणून आपण सांगतो, त्या राजाच्या कानांवर हा प्रश्न घालण्यास नाटककाराने का भ्यावे?

‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) ऐतिहासिक नाटकाची चौकट निर्दयपणे मोडली, हे खरे. पण तेथील अनाम समूह, ती माणसांची भिंत, हा सत्तेचाच एक अवयव आहे. शेक्सपिअरने अनामाला प्रश्न विचारू दिला. तेंडुलकरांनी अनामाची सामीलकी दाखवली. दोन्ही दर्शने आवश्यक आहेत आणि त्यांतले पहिले आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. एक अपवाद नोंदवला पाहिजे, तो नाटकाबाहेरचा. महात्मा फुल्यांनी १८६९ च्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्यात राजाकडे कुळवाड्याच्या बाजूने पाहण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. ही बाजू ऐतिहासिक नाटकाने पुढे नेली असती तर त्याचे स्वरूप वेगळे झाले असते.

६

असे प्रश्न विचारण्यासाठी आपल्याला इंग्रजी नाटकांचीच गरज आहे काय? तसे म्हणणे हा परंपरेविषयीचा अज्ञानमूलक न्यूनगंड ठरेल. महाभारताच्या स्त्रीपर्वात भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन विलाप करते. त्याच पर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला मृतांची संख्या विचारतो आणि जिंकलेला राजा ती सांगतो. बेपत्ता असलेल्यांची संख्याही सांगतो. मग नाना देशांतून आलेल्या, ज्यांना कोणी नातलग नाहीत अशा अनाथ मृतांना एकत्र आणून अग्नी देण्याची व्यवस्था विदुर करतो. आकडे अर्थातच पौराणिक आहेत. पण जेत्याने मृतांचा हिशेब दिला पाहिजे आणि त्यात बेवारशांचाही अंतर्भाव असला पाहिजे, ही अपेक्षा पौराणिक नाही. शांतिपर्वात युधिष्ठिराला राज्य नकोसे होते ते या हिशेबामुळेच. हेन्री राजा ॲजिनकोर्टनंतर यादी वाचून ईश्वराचे आभार मानतो. युधिष्ठिर संख्या सांगून खचतो. या एका बाबतीत व्यास शेक्सपिअरच्या पुढे आहेत.

मग इंग्रजी राजनाटकांकडून आपण काय घ्यावे? माझ्या मते, एक रीत. महाभारतात हा हिशेब युद्धानंतर आणि राजकुलातील माणसांच्या मुखाने होतो. शेक्सपिअरने तो युद्धाआधी आणि शिपायाच्या मुखाने करवला. राजाला त्याच्या शेकोटीपाशी बसवून, ओळख झाकून, बरोबरीच्या नात्याने उत्तर द्यायला भाग पाडले. आणि उत्तर अपुरे पडले तर ते अपुरे राहू दिले. राजाची थोरवी आणि शिपायाचा प्रश्न हे दोन्ही त्याने एकाच रंगमंचावर ठेवले आणि त्यांतून निवड करण्याचे काम प्रेक्षकावर सोपवले. राजनिंदा करणाऱ्या नाटकाला हे साधत नाही, कारण तेथे शिपायाचा प्रश्न आधीच जिंकलेला असतो. राजस्तुती करणाऱ्या नाटकात तो विचारलाच जात नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही, याची जाणीव या भागात तरी ठेवली पाहिजे. कोल्हापूर, सातारा, सांगली या जिल्ह्यांतील खेड्यांनी अनेक पिढ्या फौजेला माणसे दिली आहेत. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव तर सैनिकांची ओळख नावातच वागवते. अशा घरातून आलेला विद्यार्थी एम. ए. च्या वर्गात ‘नावाचे कोणी नाही, इतर पंचवीस’ ही यादी वाचतो, तेव्हा ती त्याच्या दृष्टीने अलंकाराची बाब असू शकत नाही. त्या पंचविसांत आपल्या घरचे कोणी असू शकते, हे त्याला शिकवावे लागत नाही. आपण मात्र त्याला बहुधा हेन्रीचे वक्तृत्व शिकवतो आणि विल्यम्स संदर्भासह स्पष्टीकरणापुरता ठेवतो.

मराठी ऐतिहासिक नाटकाचे मूल्यमापन आजवर ऐतिहासिक सत्य आणि नाट्यगत सत्य या द्वंद्वाच्या आधारे पुष्कळ झाले आहे. व्यक्तिरेखा उज्ज्वल झाली की डागाळली, यावरही झाले आहे. त्याच्या जोडीला एक तिसरा निकष लावून या नाटकांचे पुनर्वाचन व्हावे, एवढीच या लेखाची सूचना आहे. या नाटकातल्या राजाला त्याच्या युद्धात मरणाऱ्या माणसाने कधी प्रश्न विचारला आहे काय. विचारला असल्यास राजाने त्याच प्रश्नाचे उत्तर दिले काय. आणि न दिल्यास ते आपल्या लक्षात यावे अशी सोय नाटककाराने ठेवली आहे काय? पानिपतचे ते पत्र पाठवणाऱ्या सावकाराला खुर्दा मोजण्याची सवड नव्हती, आणि त्याचे ते कामही नव्हते. नाटककाराची गोष्ट वेगळी आहे.